मारत नाही तेवढं औषध

पुण्यातल्या कात्रजच्या तलावातून निघणारा आंबील ओढा पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा वाहत मुठा नदीला मिळतो. वाटेत त्यात सांडपाणी मिसळतं आणि सांडपाण्याबरोबर औषधंही येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची गोळी घेतली, की तिचा बराचसा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. पाण्यात पोचेपर्यंत ही मात्रा अगदी क्षीण होते. जिवाणू तिच्यानं मरत नाहीत. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. का, ते कळायला आधी जिवाणू पाण्यात कसा राहतो ते पाहू.

स्यूडोमोनाससारखा जिवाणू शेपटीसारखी कशाभिका फिरवत पोहतो. दगड किंवा पाइपाची भिंत लागली की चिकटतो. मग त्याच्या पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, कशाभिका थांबते आणि पेशी स्वतःभोवती चिकट शर्करा सोडू लागते. शेजारी येऊन मिळतात आणि थर जमतो. हीच बायोफिल्म. ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरतो, त्यात तिचा मोठा वाटा असतो.

२००५ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की टोब्रामायसिन हे प्रतिजैविक मारक मात्रेहून कमी दिलं तर स्यूडोमोनास आणि ई. कोलाय उलट जास्त बायोफिल्म बांधतात. स्यूडोमोनासमध्ये त्यामागे हाच निरोप्या रेणू होता. सगळी औषधं असं करत नाहीत, हेही सांगायला हवं. अल्प मात्रेतलं अझिथ्रोमायसिन स्यूडोमोनासची झुंडीनं सरकण्याची क्षमताच कमी करतं. औषध कोणतं, जिवाणू कोणता, मात्रा किती, यावर सारं ठरतं.

एकदा थर जमला, की आतल्या पेशींना अन्न आणि प्राणवायू कमी मिळतो. त्या मंद वाढतात. पेनिसिलिन वाढणाऱ्या पेशींचीच भिंत मोडतं, त्यामुळे या सुस्त पेशी वाचतात. शिवाय सगळे एकमेकांना खेटून असल्यानं औषधाला न जुमानण्याची, म्हणजे प्रतिरोधाची, जनुकं देणं-घेणंही सोपं होतं.

मला सर्वांत काळजीची वाटते ती पुढची पायरी. औषधानं साध्या जिवाणूची वाढ किंचित मंदावली आणि प्रतिरोधक शेजाऱ्याची मंदावली नाही, तर हा इवलासा फरक पिढीगणिक साचत जातो. जिवाणूची एक पिढी अनुकूल स्थितीत अर्ध्या तासातही होते! स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गटानं २०११ मध्ये मोजून दाखवलं, की वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेपेक्षा शेकडो पटींनी कमी औषधातही प्रतिरोधकच जिंकू शकतात. त्यातच सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएला इजा करतं. जिवाणू ती घाईघाईनं दुरुस्त करतो आणि दुरुस्तीतल्या चुकांमधून नवी उत्परिवर्तनं निघतात.

मुठेच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी १७५ प्रतिरोधक जनुकं त्यात सापडली. शहरातल्या गाळात अशा जनुकांचं सापेक्ष प्रमाण वरच्या बाजूच्या गाळाच्या तीसपट होतं. कार्बापेनेम ही गंभीर आजारात राखून ठेवलेली औषधं. ती निष्प्रभ करणारं एनडीएम हे जनुकसुद्धा त्यात होतं. हे सारं क्षीण मात्रेनंच घडवलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही, कारण सांडपाण्याबरोबर प्रतिरोधक जिवाणू आयतेही येतात. पण एकदा आले की क्षीण मात्रा त्यांना टिकायला मदत करू शकते. म्हणून पाण्यातल्या औषधाची मर्यादा ठरवताना ‘एवढ्यानं जिवाणू मरतो का’ ही कसोटी पुरत नाही. प्रतिरोधकाला फायदा होऊ लागतो ती मात्रा शोधावी लागते, आणि ती खूपच खाली असते.