वाइनच्या तळघराची संगणकीय खतावणी

घरात साठवल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंची नोंद ठेवताना त्या किती आहेत आणि कोठे आहेत एवढे दोनच प्रश्न महत्त्वाचे असतात. वाइनच्या बाबतीत मात्र तिसरा प्रश्न या दोहोंपेक्षा मोठा ठरतो, आणि तो म्हणजे बाटली केव्हा उघडायची. बूच लावल्यानंतरही बाटलीतली वाइन बदलत राहते. लाल वाइनमध्ये द्राक्षांच्या सालीतून आणि बियांतून उतरलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. वर्षानुवर्षांच्या काळात या द्रव्यांचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांतील काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तुरटपणा मवाळ होतो आणि ताज्या फळाच्या गंधाची जागा सुकवलेली फळे, चामडे, ओली माती यांची आठवण करून देणारे गंध घेऊ लागतात. ही वाढ एका टप्प्याशी थांबते आणि त्यानंतर उतरण सुरू होते. वाइन पिण्यास योग्य झाल्यापासून तिची उतरण सुरू होईपर्यंतच्या अवधीला प्राशनकाळ म्हणता येईल, आणि घरगुती वाइनसंग्रहाचे सगळे व्यवस्थापन शेवटी या एका अवधीभोवती फिरते.

हा अवधी प्रत्येक वाइनचा निराळा असतो. फ्रान्समधील बोजोले नूव्हो ही वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांत ती पिऊन संपवावी अशीच अपेक्षा असते. उलट बोर्दो प्रांतातील नामांकित लाल वाइन दहा-पंधरा वर्षांनी कोठे खुलू लागते, आणि त्याच प्रांतातील शातो दिकेम ही गोड वाइन चांगल्या हंगामाची असेल तर अनेक दशके टिकते. जगात तयार होणारी बहुतांश वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच असते, ही गोष्ट संग्रह करू पाहणाऱ्याने आधीच ध्यानात घेतलेली बरी. ज्या मोजक्या वाइन खरोखर साठवण्याजोग्या असतात, त्यांच्यासाठी सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअस स्थिर तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि बूच ओले राहावे म्हणून आडव्या ठेवलेल्या बाटल्या हे पथ्य पाळावे लागते. तळघर किंवा त्यासाठी बनवलेले शीतकपाट एवढे काम करते. पण शे-दोनशे बाटल्यांपैकी कोणत्या बाटलीचा प्राशनकाळ यंदा संपतो आहे, हे ते सांगू शकत नाही. आडव्या, एकावर एक रचलेल्या, अंधारातल्या बाटल्यांचे फक्त तोंड दिसते, आणि विस्मरणाला यापेक्षा सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. संग्राहकांच्या हातून वाइन वाया जाते ती बहुधा घाईने उघडल्यामुळे नव्हे, तर विसरल्यामुळे.

वह्या आणि कार्डे यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा वाइनविभाग १९६६ पासून सांभाळणारे मायकल ब्रॉडबेंट १९५२ पासून चाखलेल्या वाइनची टिपणे लहान वह्यांत लिहीत राहिले, आणि अशा शंभराहून अधिक वह्यांमधील साहित्य त्यांच्या ग्रंथांना आधारभूत ठरले. तथापि वहीला दोन अंगभूत मर्यादा आहेत. तिच्यातील नोंदी एकाच क्रमाने लिहिलेल्या असतात, त्यामुळे पुढील दोन वर्षांत संपवायच्या सर्व बाटल्या कोणत्या, असे तिला विचारता येत नाही. आणि ती एकाच माणसाचा अनुभव जाणते. पहिली मर्यादा संगणकावरील साधा तक्ताही दूर करतो. दुसरी दूर व्हायला मात्र इंटरनेट यावे लागले.

या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सेलरट्रॅकर. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या एरिक लेव्हाइन यांनी स्वतःच्या संग्रहाची नोंद ठेवण्यासाठी लिहिलेली ही प्रणाली २००४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. प्रत्येक वापरणारा आपल्या बाटल्यांची यादी करतो, बाटली उघडली की ती यादीतून वजा करतो आणि वाटल्यास दोन ओळींचे टिपण लिहितो. ही टिपणे इतरांना दिसतात. यातून घडून आलेली गोष्ट कोणत्याही सोयीपेक्षा मोलाची आहे. समीक्षक एखादी वाइन साधारणपणे ती बाजारात येते त्या सुमारास चाखतो आणि तिच्या प्राशनकाळाचा अंदाज वर्तवतो. तो अंदाज पुढे बरोबर ठरला की नाही, हे पाहण्यासाठी दरवर्षी एक बाटली उघडणे कोणालाच परवडणारे नसते. परंतु तीच वाइन ज्यांच्याकडे आहे असे हजारो लोक वेगवेगळ्या वर्षी आपापल्या बाटल्या उघडत असतात. त्यांची टिपणे तारखेनुसार एकत्र वाचली की ती वाइन सध्या मिटलेली आहे, खुललेली आहे की उतरणीला लागली आहे याचे चित्र उभे राहते, आणि ज्याच्याकडे एकच बाटली आहे त्यालाही ती न उघडता तिच्या प्रकृतीचा अंदाज येतो. कोणा एका टिपणकाराची जीभ भरवशाची असेलच असे नाही, शिवाय प्रत्येकाची बाटली सारख्याच थंडाव्यात राहिलेली नसते. म्हणून सरासरी गुणांकडे पाहण्यापेक्षा गेल्या वर्ष-दीड वर्षातील टिपणे लक्षपूर्वक वाचणे अधिक शहाणपणाचे.

या साऱ्याला पाया लागतो तो अचूक ओळखीचा. बाटलीवरचे नाव उतरवून घेतले की ओळख पटली असे वाटते; बर्गंडी प्रांतातील क्लो द वूजो हे उदाहरण हा समज दूर करते. सुमारे ५० हेक्टरांच्या या एका कुंपणबंद द्राक्षमळ्याची मालकी ८० च्या आसपास मालकांत विभागलेली असून त्यांतले अनेक जण स्वतःची वाइन करतात. तेव्हा मळ्याचे नाव आणि वर्ष अगदी बरोबर लिहूनही, उत्पादकाचे नाव नसेल तर ती नोंद निरुपयोगी ठरते. उच्चारचिन्हे, आडनावांतील साधर्म्य आणि लेबलावरील लहान-मोठी अक्षरे यांमुळे एकच वाइन यादीत तीन ठिकाणी शिरण्याचा धोकाही असतो. यावर उपाय म्हणून लंडनमधील लिव्ह-एक्स या वाइनबाजाराने प्रत्येक वाइनला सात आकडी ओळखक्रमांक देण्याची पद्धत रूढ केली; त्यापुढे वर्षाचे चार आकडे जोडले की विशिष्ट हंगामाची वाइन निश्चित होते, आणि आणखी आकड्यांनी बाटलीचे आकारमानही दाखवता येते. आकारमान ही क्षुल्लक बाब नाही, कारण दीड लिटरच्या मॅग्नम बाटलीत वाइनच्या मानाने हवेचा संपर्क कमी असल्याने ती ७५० मिलिलिटरच्या नेहमीच्या बाटलीपेक्षा सावकाश पिकते.

वर्षाच्या रकान्यातही एक बारकावा दडलेला आहे, आणि तो नाशिकच्या वाचकाला चटकन उमजेल. युरोपात द्राक्षे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडली जातात, ऑस्ट्रेलिया किंवा चिलीमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, तर नाशिकच्या बागांत पावसाळा सरताना गोडी छाटणी होऊन जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडणी होते. म्हणजे लेबलावर एकच वर्ष छापलेल्या नाशिकच्या आणि फ्रान्सच्या वाइनमध्ये सहा-आठ महिन्यांचे अंतर असू शकते. दीर्घकाळ टिकणाऱ्या वाइनला या फरकाने काही होत नाही. पण लवकर पिण्याच्या पांढऱ्या वाइनच्या बाबतीत हे महिने मोजावे लागतात.

ओळखीनंतर जागा. मांडणीतील प्रत्येक ओळीला अक्षर आणि प्रत्येक खणाला आकडा देऊन तो प्रणालीत नोंदवणे हे कंटाळवाणे वाटणारे काम खरे तर सर्वाधिक फळ देते, कारण हवी ती बाटली शोधण्यासाठी दहा बाटल्या ओढून पाहिल्या तर जुन्या वाइनचा तळाशी बसलेला गाळ ढवळला जातो. काही प्रणाली प्रत्येक बाटलीसाठी स्वतंत्र बारकोडची चिठ्ठी छापून देतात. ती बाटलीच्या मानेवर लावली की बाटली बाहेर न काढताही ओळखता येते. सुरुवातीची मोजदाद एका बैठकीत उरकण्याचा मोह टाळून एकेक मांडणी पूर्ण करत जाणे चांगले. आणि त्याहून कठीण शिस्त पुढेच आहे, ती म्हणजे वजाबाकीची. बाटली आणताना उत्साह असतो, म्हणून जमेची नोंद होते. बाटली उघडली जाते तेव्हा घरात पाहुणे असतात, म्हणून खर्चाची नोंद राहते. अशा रीतीने वर्षभरात यादी आणि तळघर यांची फारकत होते, आणि एकदा यादीवरचा विश्वास उडाला की ती कोणी उघडत नाही. रिकामी बाटली दुसऱ्या दिवशी नोंद होईपर्यंत टाकायची नाही, एवढा साधा नियमही ही फारकत रोखायला पुरतो. बाटली प्यायली, भेट दिली की बूच सदोष निघाल्याने फेकली, हे कारणही लिहून ठेवावे. टीसीए नावाच्या संयुगाने दूषित झालेल्या बुचामुळे वाइनला दमट पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि एकाच पेटीतील दोन बाटल्या तशा निघाल्याचे नोंदीवरून दिसले तर विक्रेत्याशी बोलताना पुरावा हाती असतो.

कधी कधी बाटली घरात येण्याआधीच तिची नोंद करावी लागते. बोर्दोमध्ये वाइन बाटलीत भरली जाण्यापूर्वीच विकण्याची प्रथा आहे. हंगामानंतरच्या वसंतात ती पिंपात असतानाच पैसे भरले जातात आणि बाटल्या साधारण दोन वर्षांनी हाती येतात. पैसे गेलेले आणि माल न आलेला अशा या मधल्या काळासाठी यादीत वेगळा रकाना हवा.

नोंदीचे सर्वांत गंभीर प्रयोजन मात्र बाटलीचा पूर्वेतिहास हे आहे. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमध्ये ब्रॉडबेंट यांनीच पुकारलेल्या लिलावात १७८७ सालच्या लाफीत या बोर्दो वाइनची म्हणून मांडलेली एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. तिच्या काचेवर कोरलेल्या आद्याक्षरांवरून ती अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांची असल्याचे मानले गेले होते. जेफरसन १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते, वाइनचे जाणकार होते, आणि मुख्य म्हणजे खर्चाची व मागवलेल्या मालाची बारीकसारीक टिपणे ठेवणारे होते. मॉन्टिसेलो या त्यांच्या निवासस्थानी त्यांच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना त्या टिपणांत या बाटलीचा मागमूस लागला नाही. तशाच चार बाटल्या विकत घेतलेल्या बिल कोच या संग्राहकाने पुढे तपास करवला, तेव्हा ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असावीत असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. या बाटल्या उजेडात आणणारे हार्डी रोडेनस्टॉक यांनी आरोप नाकारले. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या एका नेटक्या खर्चवहीने लिलावाच्या झगमगाटापुढे शंका उभी केली, ही गोष्ट नोंद ठेवणाऱ्या प्रत्येकाला बळ देणारी आहे.

बनावट वाइन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानच्या प्रकरणातही नोंदच बोलली. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडून आलेल्या, पोन्सो या बर्गंडीतील घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या बाटल्यांवर १९४५ ते १९७१ या काळातील वर्षे होती, आणि त्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवात केली ती १९८० च्या दशकात. लॉराँ पोन्सो यांनी हरकत घेतल्यावर त्या बाटल्या मागे घेण्यात आल्या. २०१२ मध्ये कुर्नियावानला अटक झाली, २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. घरगुती संग्राहकाचा संबंध अशा किमतींशी क्वचितच येतो. तरीही खरेदीची तारीख, विक्रेता, पावतीचे छायाचित्र आणि बाटली आली तेव्हाची वाइनची पातळी एवढे प्रत्येक नोंदीला जोडले, तर पुढे ती विकताना किंवा विम्याचा दावा करताना तोंडी सांगण्यावर विसंबावे लागत नाही. बुचाखालील पातळी वर्षांगणिक किंचित उतरते. ती वेगाने उतरत असेल तर बूच किंवा साठवण सदोष आहे, हे छायाचित्रांची तुलना करूनच कळते.

बहुतेक प्रणाली संग्रहाचे आजचे बाजारमूल्यही दाखवतात. हा रकाना रोज पाहण्याची सवय संग्रहाला मारक ठरते, कारण वाढत्या किमतीची बाटली उघडवत नाही आणि अखेर तिचा प्राशनकाळ निघून जातो. शिवाय हे मूल्य लिलावांच्या किंवा दुकानांच्या दरांवरून काढलेले असते आणि विकताना द्यावे लागणारे शुल्क त्यात धरलेले नसते. घरात काय आणि किती किमतीचे आहे हे सांगणारी यादी परक्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून खाते खाजगी ठेवण्याची सोय आहे की नाही, हे आधी तपासावे.

महाराष्ट्रातील परिस्थिती निराळी आहे. येथे मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि उन्हाळ्यात घराचे तापमान सहज ३० अंशांच्या वर जाते. या उष्णतेत बंद कपाटात ठेवलेली वाइन युरोपातील तळघराच्या मानाने फार वेगाने म्हातारी होते. परदेशी टिपणांतून मिळालेला प्राशनकाळ अशा बाटलीला लागू पडत नाही, म्हणून ती शीतकपाटात कधीपासून आहे याची तारीख येथील नोंदीत असलीच पाहिजे. दहा-वीस बाटल्यांना विशेष प्रणालीची गरज नाही. उत्पादक, वर्ष, खण, खरेदीची तारीख आणि प्राशनकाळाची अखेर असे पाच रकाने असलेला तक्ता पुरतो, आणि शेवटच्या रकान्यानुसार यादी लावली की यंदा काय संपवायचे ते सर्वांत वर येते.

प्रणाली कोणतीही निवडली तरी आपली संपूर्ण यादी साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते की नाही, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे. वाइन वीस वर्षे टिकेल, पण ती ज्या ॲपमध्ये नोंदवली ते तितकी वर्षे चालेलच असे नाही. उतरवलेल्या यादीची एक प्रत कागदावर छापून घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीकडे द्यावी, कारण संग्राहकाच्या पश्चात तळघराचे दार उघडणाऱ्यांना सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात, आणि त्यांतली कोणती जपायची, कोणती विकायची व कोणती त्याच आठवड्यात जेवणाबरोबर उघडायची, हे त्यांना त्या कागदावरूनच कळणार असते.