जिथे दहाजणही कामाला नसतात

लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांत खोल्या झाडणारी, चिक्कीच्या दुकानामागे पुडे बांधणारी अथवा मावळातल्या हरितगृहात गुलाब खुडणारी स्त्री जेथे राबते, तेथे पुष्कळदा दहा माणसेही कामाला नसतात. आणि मालकच अंगचटीला आला, अश्लील बोलला किंवा रोजगार टिकवण्याच्या मोबदल्यात नको ती सूचना करू लागला, तर मुकाट्याने सोसणे किंवा काम सोडणे एवढेच दोन मार्ग तिला दिसतात.

वास्तविक कायदा तिच्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना २०१३ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप दिले. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, मग तो तळेगावचा कारखाना असो वा लोणावळ्याचे हॉटेल, वरिष्ठ पदावरील स्त्रीच्या अध्यक्षतेखाली तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे मालकास बंधनकारक असून, कसूर केल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

परंतु जेथे दहाजण नाहीत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे दाद मागण्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्याला, जाणे रोजंदारी बुडवणाऱ्या बाईस परवडत नाही हे जाणूनच की काय, ग्रामीण भागासाठी तालुक्यात व शहरासाठी नगरपरिषदेच्या हद्दीत नोडल अधिकारी नेमून, आलेली तक्रार ७ दिवसांत समितीकडे धाडण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकली आहे. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार करावी, सबळ कारण असल्यास मुदत आणखी ३ महिने वाढते, लिहिता येत नसेल तर समितीनेच साहाय्य करावे, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, असा दंडक आहे.

कामावरच्या स्त्रीस जसा हा कायदा, तसा शाळांतील अठरा वर्षांखालील मुलामुलींना लैंगिक अत्याचारांपासून २०१२ चा पोक्सो कायदा संरक्षण देतो. अपराध घडल्याचे ज्यास कळले त्याने पोलिसांत वर्दी देणे सक्तीचे असून, शाळेच्या अब्रूचे निमित्त करून प्रकरण दडपणारा संस्थाप्रमुख एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेने या कर्तव्याचे गांभीर्य साऱ्या महाराष्ट्रास जाणवून दिले. मुलांना १०९८ हा बालमदतीचा दूरध्वनी क्रमांक पाठ असावा.

तेव्हा उणीव कलमांची नसून माहितीची आहे. नोडल अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी बचतगटाच्या बैठकीत व ग्रामसभेत सांगणे आणि प्रत्येक बंगल्याच्या स्वयंपाकघरात लावणे हे खर्चाचे काम नव्हे. आणि ते झाले, तर एकट्या बाईला गाठणाऱ्या मालकास ती एकटी नाही हे आधीच कळेल.