कोळशावर चालणारे कोळशाचे जहाज



आधणावरचे झाकण वाफेने थडथड उडते, ते सर्वांनी पाहिले आहे. त्याच वाफेच्या जोरावर पूर्वी जहाजे चालत. गुरुजींनी आम्हाला अशा एका मालवाहू जहाजाची माहिती सांगितली. त्याचे नाव ‘जॉन बोज’.

इंग्लंडात टाइन नदीकाठी जॅरो म्हणून गाव आहे. तिथे चार्ल्स पामर यांनी १८५२ साली हे लोखंडी जहाज बांधले. त्या भागात कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा समुद्रातून लंडनला शिडाच्या जहाजांनी जाई. वारा उलटा असला की जहाजे नुसती उभी! तोवर दुसऱ्या भागातला कोळसा आगगाडीने लंडनला पोचू लागला. म्हणून पामर यांनी वाफेचे जहाज काढले.

जहाजाच्या पोटात बॉयलर असतो. भट्टीत कोळसा पेटवला की पाण्याची वाफ होते. वाफ दट्ट्याला ढकलते. त्याने दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाचा पंखा पाणी मागे लोटतो आणि जहाज पुढे जाते.

पहिल्या फेरीचा हिशेब असा. ६५० टन कोळसा भरायला ४ तास, लंडनला जायला ४८, माल उतरवायला २४ आणि परत यायला ४८ तास. मी बेरीज केली, १२४ तास झाले. म्हणजे पाच दिवस आणि वर चार तास. एवढ्या कामाला शिडाच्या दोन जहाजांना महिन्याहून जास्त लागे, असे पामर सांगत.

येताना जहाज रिकामे असते. रिकामे जहाज फार डुलते. म्हणून शिडाच्या जहाजात वाळू-खडी भरत, मग ती उपसत बसत. या जहाजात पाणी भरून घेत. मग ते पंपाने काढले की झाले.

मी विचारले, “गुरुजी, मग दमत कोण होतं?” गुरुजी म्हणाले, “भट्टीवाले! वाऱ्याला सुट्टी असते, आगीला नसते.” फावड्याने कोळसा टाकणारी माणसे रात्रंदिवस पाळीपाळीने खाली उभी असत. वर थंड वारा, खाली आग न् राख. आमच्या चुलीपुढे मी थोडा वेळ बसलो तरी तोंड भाजतं!

पुढे जहाजाचे मालक बदलले, नावेही बदलली. १९३३ साली ते स्पेनच्या किनाऱ्याजवळ बुडाले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते.

जहाजाला नाव खाणमालकाचे दिले होते. पण शेजारच्या चित्रात मी धुराड्याखाली फावडेवाला काढला आहे. तो जरूर पाहावा.

— इयत्ता चौथी