बाळाचे मोजे: कातण्यापासून विणण्यापर्यंतचा एक धडा



दिवाळी सरली की आपल्या भंडाऱ्याकडे पहाटेची थंडी जाणवू लागते. घरात लहान बाळ असेल तर टोपरं, झबलं, मोजे यांची शोधाशोध सुरू होते. बाजारात मोज्यांची जोडी चटकन मिळते. पण तीच जोडी हातानं कातलेल्या आणि घरी रंगवलेल्या सुताची केली, तर गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास एकाच वस्तूतून शिकवता येतो. शिवाय वस्तू बाळाची असल्यानं काम कसंबसं उरकून चालत नाही, हे मुलांनाही लगेच पटतं.

ही कल्पना नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून गांधीजींची नई तालीम पुढे आली. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे, हा तिचा गाभा. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यात हा उपक्रम सहज बसतो.

१. धागा कोणता घ्यायचा?

आपला जिल्हा धानाचा, तसाच कोशाचाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचं काम ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मोहाडी, आंधळगावचे विणकर कोशाचं कापड विणतात. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. लोकर मात्र आपल्याकडची नाही. घोंगडीची दख्खनी लोकर टिकाऊ खरी, पण बाळाच्या कातडीला टोचते.

म्हणून मोज्यांसाठी कापसाचं सूत घ्या. ते मऊ असतं, घाम शोषतं, गरम पाण्यात धुता येतं. त्याची एकच अडचण म्हणजे ते लोकरीसारखं ताणलं जात नाही. त्यावरचा उपाय विणकामात येईल.

इथं एक छोटा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. सूत, कोसा आणि लोकर यांचा एकेक तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो. कोसा आणि लोकरीला केस जळल्यासारखा येतो, कारण ते प्राणिज प्रथिनाचे तंतू आहेत. हा फरक रंगवताना कामाला येणार आहे.

२. सूत किती लागतं?

टकळी आणि पेळू घ्या. जुन्या हिशेबात ४ फुटांचा एक तार, १६० तारांची लटी आणि ६४० तारांची गुंडी. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात (४५४ ग्रॅम) ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा.

समजा, लहान बाळाच्या जोडीला १५ ग्रॅम सूत लागतं आणि मुलांनी १० नंबरचं सूत कातलं. १० नंबर म्हणजे ४५४ ग्रॅमला ८,४०० यार्ड, म्हणजे एका ग्रॅमला सुमारे १७ मीटर. १५ ग्रॅमला झाले सुमारे २५५ मीटर, म्हणजेच जवळजवळ २१० तार. लटीपेक्षा जास्तच! चार धागे एकत्र पिळून चौपदरी केले की विणण्याजोगं सूत मिळतं.

अर्ध्या तासात कोणाचे किती तार झाले ते फळ्यावर लिहा. मग एका जोडीला किती तास लागतील ते मुलांनाच काढू द्या.

३. रंग कसा द्यायचा?

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा गळून पडलेली फुलं वेचून सावलीत वाळवून ठेवा. कोसा आणि लोकर तुरटीच्या पाण्यातून काढली की रंग धरते. सूत तसं सहजी धरत नाही, त्याला आधी हिरड्याचा तुरटपणा लागतो.

- सूत धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ धुवा.
- सुताच्या वजनाच्या २० टक्के हिरडा पूड गरम पाण्यात घालून सूत रात्रभर भिजवा.
- पिळून, १५ टक्के तुरटीच्या कोमट पाण्यात दोन तास ठेवा.
- सुताच्या वजनाइतकी सुकी फुलं उकळून गाळा आणि त्या पाण्यात सूत तासभर मंद आचेवर ठेवा.

पिवळा ते केशरी रंग येतो. तो उन्हात हळूहळू फिका पडतो, म्हणून मोजे सावलीत वाळवा. मोरचूद मात्र वापरू नका. बाळ मोजा तोंडात घालणारच. पाणी अगदी नितळ येईपर्यंत धुवा. मग ओलं सूत पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. डाग पडला तर पुन्हा धुवा.

४. विणताना

बाळाच्या पावलाचा घेर १२ सेंमी आणि नमुन्याच्या तुकड्यात १० सेंमीला २८ टाके असतील, तर टाके येतात ३३.६. मोजा पायावर बसावा म्हणून ५ टक्के कमी करा, साधारण ३२ होतात. चारनं भाग जातो, म्हणजे चार सुयांवर वाटणंही सोपं. सूत ताणलं जात नाही म्हणून वरचा पट्टा "एक सुलट, एक उलट" असा विणा. तोच मोज्याला धरून ठेवतो. इलॅस्टिकची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विणून झाल्यावर मोजा उलटा करून तपासा. आत सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो. दुरंगी नक्षीचे लांब धागेही आत नकोत. बाळ कारण कळत नसताना रडत असेल तर मोजे काढून बोटं बघा. धागा आवळलेला दिसला आणि लगेच सुटला नाही तर थेट दवाखाना गाठा. टोपऱ्याला गळ्याशी लांब नाडी आणि मणीही टाळा.

५. जोडी झाल्यावर

मुलांना जवळच्या विणकराकडे न्या. कोशाचा धागा बायका पूर्वापार मांडीवर वळून काढत आल्या आहेत. त्यात कातडी सोलवटते. हे थांबावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळानं "बुनियाद" नावाचं यंत्र आणलं आहे. धागा कोणी काढला, साडीला किती दिवस लागले, हातात किती पैसे पडले, हे प्रश्न मुलांनी स्वतः विचारावेत. २१० तार मोजलेलं लेकरू हे प्रश्न वेगळ्याच काळजीनं विचारतं. पालकांनीही सोबत यावं. पुढच्या वेळी कोशाच्या साडीचा भाव करताना घरातलं कोणीतरी तासांचा हिशेब आठवून देईल.