न पाहिलेलं पान वाचताना

नाटक-सिनेमा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सदाशिव अमरापूरकर नगरचेच, आणि नागराज मंजुळे शिकले तेही नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. सिनेमाला, पथनाट्याला, रेडिओच्या श्रुतिकेला गावाकडचा आवाज लागतो. निवडीच्या वेळी हातात आधी न पाहिलेला कागद देतात आणि म्हणतात, "वाचा." याला कोल्ड रीडिंग म्हणतात.

इथंच आपल्यातल्या कितीतरी जणी मागं सरतात. सातवीत शाळा सुटलेली. अडखळलो तर लोक हसतील, ही धास्ती. पण ही शाळेची परीक्षा नसते. शब्दामागचं माणूस आपल्याला कळतं का, एवढंच ते बघतात.

कागद मिळाला की पाच मिनिटं मागून घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. तेवढ्यात तीन गोष्टी शोधाव्यात: मी कोण, कोणाशी बोलतेय, मला काय हवंय. समजा, ओळ आहे, "भाकरी झाकून ठेवलीय." उशिरा आलेल्या लेकाला म्हटली तर माया, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला म्हटली तर राग. शब्द तेच, सूर निराळा.

वाचताना कागद छातीपाशी धरावा, तोंड झाकू नये. ओळीवर अंगठा ठेवावा. वाक्य डोळ्यांनी उचलावं, मान वर करून समोरच्याला सांगावं. तो बोलत असेल तेव्हा पुढची ओळ शोधत बसू नये, ऐकावं. कंसात 'रडत' लिहिलं असेल तर तो शब्द वाचायचा नसतो. चुकलं तर माफी न मागता पुढं जावं.

सराव बचत गटाच्या बैठकीत करू या. दहा मिनिटं, जोडीजोडीनं, पेपरातली बातमी किंवा मुलांच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायचा. चष्मा असेल तर बरोबर न्यायला विसरू नये. वाचता येतच नसेल तर स्पष्ट सांगावं, "एकदा वाचून दाखवा, मी म्हणून दाखवते." जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांनी ऐकूनच पाठ केल्या.

शेवटी सावधगिरीचं. निवडीसाठी कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तिथूनच परत फिरावं. एकटीनं जाऊ नये, घरी पत्ता सांगून जावं. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करावी.

पुढच्या बैठकीला एक कागद घेऊन या. पहिली ओळ कोण वाचणार, ते तिथंच ठरवू.