डेटाबेसला ‘जुने चित्र’ का पेलत नाही?

एखाद्या बँकेच्या लाखो खात्यांतील शिलकेची बेरीज संगणक करीत आहे. ती अर्ध्यावर असताना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दहा हजार रुपये जातात. पहिले खाते मोजून झाले आहे, दुसरे बाकी आहे. अशा वेळी तीच रक्कम दोनदा धरली जाण्याचा धोका असतो.

तो टाळण्यासाठी ओरॅकल, पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस बेरजेला आरंभक्षणीचीच स्थिती दाखवतात. या स्थितीला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. त्यासाठी सर्व माहितीची प्रत काढली जात नाही. बदललेल्या नोंदींची जुनी रूपे तेवढी जपली जातात. त्यामुळे बेरीज अचूक येते आणि खातेदारांचे व्यवहारही खोळंबत नाहीत.

अडचण येते ती काम तासन्‌तास लांबल्यावर. ओरॅकल जुनी रूपे ‘अनडू’ नावाच्या मर्यादित जागेत ठेवतो. ती राखण्याची मूळ मुदत ९०० सेकंदांची असते. मुदत उलटून जागा अपुरी पडली, की त्यांवर नवी माहिती लिहिली जाते. पुढे बेरजेला नेमके तेच जुने रूप हवे असेल, तर ‘ओआरए-०१५५५’ म्हणजे ‘स्नॅपशॉट फार जुना’ हा संदेश देऊन डेटाबेस ते काम थांबवतो.

पोस्टग्रेस जुनी रूपे मूळ तक्त्यातच ठेवतो. ‘व्हॅक्यूम’ ही प्रक्रिया ती साफ करते. पण एखाद्या स्नॅपशॉटला त्यांची गरज पडण्याची शक्यता असेपर्यंत तिला हात आखडता घ्यावा लागतो. परिणामी तक्ते फुगतात आणि वेग मंदावतो. २०१६ च्या ९.६ आवृत्तीत जुने स्नॅपशॉट ठरावीक मुदतीनंतर बाद करण्याची ऐच्छिक सोय आली. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. त्याच आवृत्तीत संपूर्ण व्यवहारालाच कालमर्यादा घालण्याची सोय मिळाली.

संदेश आला, की तेच काम पुन्हा सुरू करण्याकडे कल असतो. वर्दळ तितकीच असेल, तर ते पुन्हा तेथेच अडेल. मोठे अहवाल कमी वर्दळीच्या वेळी काढणे, ‘अनडू’ची जागा व मुदत सर्वांत लांब अहवालाला पुरेल इतकी ठेवणे आणि व्यवहार विनाकारण उघडा न ठेवणे, हे खरे उपाय आहेत. अहवालाचे तुकडे पाडल्यास मात्र प्रत्येक तुकडा वेगळ्या क्षणाची स्थिती दाखवतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

अडलेला अहवाल दुसऱ्या दिवशीही काढता येतो. चुकीची बेरीज मात्र बिनबोभाट ताळेबंदात शिरली, तर ती शोधणार कोण? म्हणूनच अशा वेळी डेटाबेसने दिलेला नकार हा हिशेबाच्या खरेपणाचा राखणदार ठरतो.