लाल जर्सीवाले

‘टॉप गन’ बघून पायलट व्हावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण त्या विमानाला बॉम्ब लावतं कोण? अमेरिकन नौदलात त्यांना एव्हिएशन ऑर्डनन्समन म्हणतात. भरतीनंतर फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला ट्रेनिंग, मग विमानवाहू जहाज. डेकवर कामानुसार जर्सीचा रंग ठरलेला; यांचा लाल. जहाजाच्या पोटात बॉम्ब जोडायचे, लिफ्टने वर आणायचे, विमानाला लावायचे. शेवटची सेफ्टी पिन मात्र अगदी टेकऑफच्या तोंडावर काढायची.

कटकट वाटते ना? २९ जुलै १९६७. व्हिएतनामजवळ ‘फॉरेस्टल’ जहाज. वेळ वाचावा म्हणून रॉकेटची वायर आधीच जोडून ठेवायची सवय लागलेली. विजेचा झटका आला, झुनी रॉकेट आपोआप सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. जहाजावर आदल्याच दिवशी जुने बॉम्ब आले होते. ऑर्डनन्सवाल्यांना ते नकोच होते, पण वरून हुकूम! आगीत त्यातला पहिला दीड मिनिटातच फुटला. १३४ जण गेले.

डेकवरच्या कॅमेऱ्यात हे सगळं टिपलं गेलं. नौदलात नव्याने येणाऱ्यांना पुढे ट्रेनिंगमध्ये तीच फिल्म दाखवू लागले.